हापूस कोणाला म्हणायचं?

"वहिनी, तू कानडी कधीपासून वाचायला लागलीस गं?"

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये इंदूरहून धाकट्या नणंदेचा फोन आला आणि पहिलंच वाक्य हे! मला काही उमगेना. मग तिनंच हसत हसत खुलासा केला. आम्ही पाठवलेली आंब्यांची पेटी तिला पोचली होती. पेटीवर ठळक अक्षरांत 'देवगड हापूस'. पण आंबे काढता काढता ती तळाशी पोचली तेव्हा पेंढ्याखाली अंथरलेलं वर्तमानपत्र निघालं, ते चक्क कानडी!

ती हसत होती, पण मला काही हसू येईना. लग्नानंतरचा तिचा हा पहिलाच उन्हाळा. माहेरचा आंबा म्हणून तिच्या सासूबाईंनी शेजारीपाजारी दोन-दोन फळं वाटली होती. आणि खाऊन झाल्यावर कोणीतरी अगदी सहज विचारलं होतं म्हणे, "कोकणातला हापूस म्हणतात तो हाच का? आमचा लंगडा काय वाईट आहे मग!" आता यावर माहेरच्या माणसांनी काय बोलावं?

इकडे आमच्या सासूबाई. त्यांचं माहेर राजापूरकडचं, त्यामुळे आंब्याच्या बाबतीत आमच्या घरात शेवटचा शब्द त्यांचा. "मी म्हटलं होतं, पेटी फोडून बघ. पण तुम्हाला घाई!" एवढंच बोलून त्या पोळ्या लाटायला लागल्या. ह्यांनी नेहमीप्रमाणे पेपरात डोकं घातलं.

मी मात्र तशीच उठले आणि ज्याच्याकडून पेटी घेतली होती त्या फळवाल्याला गाठलं. तो जराही गडबडला नाही. म्हणाला, "ताई, हापूस तो हापूसच. झाड तर एकच आहे ना? इथलं काय आणि तिकडचं काय!"

त्याने मला फसवलं होतं यात शंकाच नाही. देवगडचा भाव लावून दुसरीकडचा माल त्याने गळ्यात मारला होता. पण त्याचं ते वाक्य काही डोक्यातून जाईना. झाड एकच, म्हणजे काय? आणि झाड एकच असेल तर देवगड, रत्नागिरी म्हणून आपण जास्त पैसे मोजतो ते कशाचे? मैत्रिणींनो, त्या एका वाक्यापायी मी पुढचा वर्षभर या फळाच्या मागे लागले.

पहिली गंमत नावातच आहे. हापूस हा शब्द मराठी नाही. 'आफोन्सो' हे पोर्तुगीज माणसाचं नाव. गोव्यात आणि गुजरातेत त्याचं 'आफूस' झालं, आपल्याकडे 'हापूस', आणि इंग्रजीत 'अल्फान्सो'. आता हा आफोन्सो कोण? सगळीकडे सांगतात ते असं, की १५१० साली गोवा जिंकणारा आफोन्सो द अल्बुकर्क, त्याच्या नावावरून हे नाव पडलं. पण अल्बुकर्क १५१५ मध्ये वारला, पाच वर्षांत. लढाया मारता मारता त्या माणसाने आंब्याची कलमं कधी बांधली असतील, हा प्रश्न मला तरी पडला.

मग एक वेगळंच नाव समोर आलं. सतराव्या शतकात निकोलाव मनुची नावाचा एक व्हेनिसचा माणूस हिंदुस्थानात येऊन राहिला होता. मोगल दरबाराबद्दल त्याने मोठा ग्रंथ लिहिला आहे. त्यात गोव्याच्या आंब्यांची तारीफ करताना तो जातींची नावं देतो, आणि त्यांत एक नाव आहे 'निकोलाव आफोन्सो'! म्हणजे ज्याच्या बागेत तो आंबा पहिल्यांदा नावारूपाला आला, असा कोणी बागायतदारच आपल्या हापूसचा आफोन्सो असू शकेल. माझं मत विचाराल तर मला हा दुसरा आफोन्सो अधिक पटतो. आंब्याला सेनापतीपेक्षा बागवाल्याचं नाव शोभतं.

नावाचं काही असो, पोर्तुगिजांनी एक काम मात्र केलं. त्यांनी गोव्यात आंब्यावर कलम करण्याची कला रुजवली. म्हणूनच गोव्यात आंब्यांची नावं अजूनही अशी आहेत: फर्नांदिन, मुसराद, हिलारियो, मानकुराद. मानकुराद म्हणजे मूळचा 'मालकोरादा', वाईट रंगाचा. आणि गोव्याच्या माणसाला विचाराल तर त्याच्या लेखी हापूस दुसरा, मानकुराद पहिला! आमच्या सासूबाईंसमोर मात्र हे बोलायची सोय नाही.

आता कलमाचं एवढं महत्त्व का, ते आमच्या सोसायटीच्या झाडाने आम्हाला चांगलंच शिकवलं. नेरूळला आम्ही राहायला आलो तेव्हा मागच्या कुंपणाशी एक आंब्याचं रोप होतं. तळमजल्यावरच्या आजींनी हापूस खाऊन कोय पुरली होती, तिचं ते. अस्सल रत्नागिरीची कोय! सगळ्या बायकांनी त्याला पाणी घातलं, गाड्या लावणाऱ्यांशी भांडणं केली, शेणखत आणून घातलं. आठव्या वर्षी फळं धरली. पहिलं पाडाचं फळ समारंभाने कापलं तर काय, दातांत अडकणाऱ्या दोऱ्या आणि डोळे मिटायला लावणारा आंबटपणा. सगळ्यांनी आजींकडे पाहिलं. त्या बिचाऱ्या म्हणाल्या, "अगं, मी स्वतः खाल्ला होता तो आंबा!"

आजींची काहीच चूक नव्हती. हापूसची कोय ही दोन आईबापांचं लेकरू असते. आई हापूस खरी, पण मोहोरावर बसलेली माशी पराग कुठल्या रायवळ झाडावरून घेऊन आली ते कोणाला ठाऊक? आणि बापही हापूसच असता तरी मूल हुबेहूब आईसारखं निघतं असं थोडंच आहे? शेपन्नास कोयी लावाव्यात तेव्हा त्यांतून कुठे एखादं झाड बऱ्या फळाचं निघायचं. हापूस स्वतःसुद्धा असाच केव्हातरी एका कोयीतून निपजला असणार. कोणीतरी चाखला, थबकला, आणि त्या झाडाची काडी कापून दुसऱ्या रोपावर बांधली. त्या काडीची झाडं झाली, त्या झाडांच्या काड्यांची आणखी झाडं. थंड मुलुखातली सफरचंदाची जुनी नामांकित वाणं अशीच शेकडो वर्षं काडीकाडीने चालत आली आहेत. कोयीने वंश चालतो, पण वाण चालवायचं तर कलमच पाहिजे.

तेव्हा फळवाला म्हणाला ते खरं होतं. देवगडचा हापूस, रत्नागिरीचा हापूस, अलिबागचा, गुजरातेतल्या वलसाडचा, कर्नाटकात ज्याला 'बदामी' म्हणतात तो, ही सगळी त्या एकाच झाडाची पसरलेली अंगं. इतकंच काय, आपल्या वाशीच्या बाजारात गेली काही वर्षं नोव्हेंबर-डिसेंबरात हापूसची खोकी दिसतात, ती आफ्रिकेतल्या मलावी देशातून येतात. कोकणातून नेलेल्या काड्यांचीच ती झाडं. विषुववृत्ताच्या पलीकडे ऋतू उलटे, म्हणून आपल्याकडे दिवाळी सरली की तिकडचा आंबा पिकतो. मी एकदा कुतूहलाने चार फळं आणली होती. चव ओळखीची वाटली, पण लांबून हाक मारल्यासारखी.

मग फरक कुठे पडतो? फरक आहे तो जमिनीत आणि हवेत. एकाच आईची दोन मुलं वेगळ्या घरांत वाढली तर वेगळी होतात ना, तसंच. कोकणच्या किनाऱ्यावर जांभ्याचा कातळ आहे. माती थोडी, तीही तांबडी, पाणी टिकत नाही. देवगडला तर कातळात सुरुंग लावून खड्डे करायचे, बाहेरून माती आणून भरायची आणि त्यात कलम लावायचं, अशा बागा आहेत. वरून समुद्राचा खारा वारा. झाड जरा कष्टात राहतं, फळ कमी देतं, पण देतं ते रसाने आणि वासाने भरलेलं. भरपूर मातीत आणि आतल्या कोरड्या हवेत तेच झाड दणकून वाढतं, फळंही चांगली दिसतात, पण साल जाड होते, आतला रंग केशरीकडे न जाता पिवळ्यावर राहतो आणि वास बेताचाच येतो.

या वासाचाही अभ्यास झाला आहे बरं का! पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी हापूस पिकताना त्यात कोणकोणती वासाची द्रव्यं तयार होतात ते शोधून काढलं. कैरी असताना वेगळी, पिकताना वेगळी. पिकण्याच्या अगदी शेवटच्या टप्प्यात जी द्रव्यं येतात त्यांनी तो गोडसर, ओला, घरभर पसरणारा वास येतो. पेटी पलंगाखाली असली तरी दार उघडताच पाहुण्यांना कळतं ते त्यामुळे!

सासूबाईंची परीक्षा मात्र प्रयोगशाळेशिवायची. त्यांनी मला शिकवलं ते असं. हापूस हातात घेतला की तो एका बाजूला जरा भरलेला, खांद्याला गोल आणि उतरता लागतो. टोकाला चोच नसते. पायरीला ती असते, म्हणून दोघांत गफलत व्हायला नको. फळ साधारण पाव किलोचं. फार मोठं असेल तर हुरळून जाऊ नये. मग देठाशी नाक न्यायचं. कोकणातला पिकता हापूस देठाशी न दाबता वास देतो. शेवटी कापायचा: साल पातळ, पण कापताना फाटणारी नव्हे, आत गर्द केशरी, दोरा एकही नाही, कोय फळाच्या मानाने लहान. "सालीला आतून गर चिकटून राहिला तर चमच्याने खरवडायचा आणि तो आपण खायचा. तेवढा मान घरच्या बाईचा," हे त्यांचं आणखी एक सूत्र. त्याचं मी निष्ठेने पालन करते.

पण बाहेरून कितीही परीक्षा केली तरी हापूसचा एक दोष कळत नाही तो नाहीच. तो म्हणजे साका. वरून देखणं, टवटवीत फळ. कापावं तर कोयीभोवती पांढुरकं, भुसभुशीत, आंबूस. चार पाहुण्यांपुढे असं फळ निघालं की कसं होतं ते काय सांगायला हवं? यात विकणाऱ्याचा दोष नसतो, म्हणून त्याच्याशी भांडण्यात अर्थ नाही. शास्त्रज्ञ सांगतात की याचं मूळ कोयीत आहे. फळ झाडावर असतानाच आतल्या बीला रुजायची घाई होते आणि ते भोवतालच्या गरावरच आपली भूक भागवतं. तापलेल्या जमिनीची झळ लागली की हे वाढतं, म्हणून बागेत झाडाखाली पालापाचोळा अंथरतात. फळ फार पक्व होऊ दिलं तरी साका जास्त. त्यामुळे बागायतदार थोडं आधीच, तयार झालेलं पण न पिकलेलं फळ उतरवतात.

या दोषावर आपल्या कोकण कृषी विद्यापीठाने एक उपाय काढला. दापोलीचं हे विद्यापीठ १९७२ सालचं. तिथल्या संशोधकांनी नीलम आणि हापूस यांच्या संकरातून १९८१ साली 'रत्ना' हा आंबा काढला, आणि रत्नाचा पुन्हा हापूसशी संकर करून १९९२ साली 'सिंधू'. दोन्हींत साका नाही. सिंधूची कोय तर इतकी पातळ की मुलांना चोखायला काही उरतच नाही. हापूस एका वर्षी भरभरून फळतो आणि दुसऱ्या वर्षी रुसतो, तोही त्रास रत्नाला नाही. मग सगळ्यांनी रत्नाच का लावू नये? मी हा प्रश्न सासूबाईंना विचारला. त्या म्हणाल्या, "गुणी आहे. पण हापूस नाही." स्वयंपाकघरात याला तोड नाही आणि बाजारातही नाही, असं दिसतं.

बागायतदारांचं दुःख आणखी वेगळं. थंडी पडली की मोहोर येतो. पण आता थंडी मध्येच येते, मध्येच जाते. एकदा मोहोर येऊन वाटाण्याएवढी फळं धरली, आणि पुन्हा थंडी आली की झाड नवा मोहोर काढतं. मग पहिली फळं गळून जातात. त्यातच अवकाळी पाऊस, त्यात कीड. भाव चढला म्हणून आपण कुरकुरतो तेव्हा हेही लक्षात असू द्यावं.

वाशीचा बाजार म्हणतात तो खरा तुर्भ्याला. फळबाजार १९९६ साली क्रॉफर्ड मार्केटहून इकडे आला. हंगामात पहाटे तिथे जाण्यासारखं आहे. सकाळी सात वाजता गेले तेव्हा निम्मा व्यवहार उरकला होता. कोकणच्या गाड्या आणि कर्नाटकच्या गाड्या शेजारी शेजारी उभ्या, आणि लपवाछपवी काही नाही; व्यापारी विचारलं की सरळ सांगतात हा कुठला, तो कुठला. कर्नाटकचा आंबा स्वस्त आणि आमरसाला काही वाईट नाही. गफलत होते ती पुढे, माल एका पेटीतून दुसऱ्या पेटीत जातो तेव्हा.

आणि इथे फळवाल्याचं वाक्य अपुरं पडतं. २०१८ सालच्या ऑक्टोबरात आपल्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. त्याचा अर्थ असा की रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांतच पिकलेल्या फळाला 'हापूस' हे नाव लावायचा कायद्याने हक्क आहे. झाड एक असेल, पण नाव त्या मातीचं. (आपली नवी मुंबई ठाणे आणि रायगड जिल्ह्यांत येते. तेव्हा कोणाच्या दारात हापूसचं खरं कलम असेल तर त्याचं फळ कायद्याने हापूसच हो!) देवगडच्या आंबा उत्पादकांच्या सहकारी संस्थेने तर २०२५ च्या हंगामापासून फळाफळावर क्रमांकाची चिकटपट्टी लावायला सुरुवात केली, म्हणजे फळ कुठल्या बागेतलं ते पडताळता यावं.

परदेशी लोक याबाबतीत आपल्यापेक्षा चोखंदळ. अमेरिकेने आपल्या आंब्याला १९८९ पासून दार बंद केलं होतं, ते २००७ साली उघडलं. तेही नाशिकजवळ लासलगावला विकिरण केलेल्या आंब्यांना. युरोपने २०१४ च्या मे महिन्यात फळमाशी सापडली म्हणून आंबा बंद केला, आणि २०१५ च्या जानेवारीत बंदी उठवली. तेव्हापासून तिकडे जाणाऱ्या आंब्याला ४८ अंश गरम पाण्यात तासभर बुडवून मगच पाठवतात. आपण घरी नळाखाली नुसता धुतो.

आता थोडं घरगुती. पेटी घ्याल तेव्हा समोर फोडून घ्या, आणि वरच्या थरावर न थांबता तळापर्यंत हात घाला. माझी चूक तीच झाली. आंबे कडक, हिरवे पण खांद्याशी भरलेले, देठाचा तुकडा शाबूत असलेले असावेत. देठ मोडला की चीक सालीवर ओघळतो आणि काळे डाग पडतात. झाडावरून देठासकट उतरवण्यासाठीच दापोलीच्या विद्यापीठाने 'नूतन झेला' काढला आहे. घरी आणल्यावर अढी घालायची. पेंढा मिळाला तर उत्तमच, नाहीतर खोक्यात वर्तमानपत्रं (कुठल्याही भाषेतली!) घालून एकेका थरात आंबे देठ खाली करून मांडा, वर पुन्हा कागद, आणि जरा हवा खेळती ठेवा. आठ-दहा दिवस लागतात. रोज एकदा चाळवून पिकलेले वेगळे करा, नाहीतर एक नासका पाच जणांना घेऊन जातो. कच्चा आंबा फ्रिजमध्ये कधीही ठेवू नका. थंडीने तो आतून मरतो, मग पिकतच नाही. पूर्ण पिकला की खुशाल ठेवा.

वरून एकजात पिवळेधमक, वास नाही, कापले तर आत आंबट आणि कोयीशी कडक, असे आंबे मिळाले तर ते कार्बाइडवर पिकवलेले असू शकतात. आपल्याकडे फळं पिकवायला कार्बाइड वापरण्यास कायद्याने बंदी आहे, कारण त्यात विषारी द्रव्यांचे अंश असतात. इथिलीन वायूच्या खोलीत पिकवायला परवानगी आहे. तो वायू आंबा स्वतःही सोडतोच. आणि आणखी एक. पिकून थोडा सुरकुतलेला हापूस टाकू नका, तो सर्वांत गोड निघतो. पण रंग यायच्या आधीच सुरकुतला तर समजा की कोवळाच तोडला होता.

सोसायटीच्या झाडाचं काय झालं, ते राहिलंच. सभेत ते तोडायचा ठराव आला होता. गाड्यांना जागा हवी म्हणून. आजी काही बोलल्या नाहीत, नुसत्या बसून होत्या. मग आम्हा बायकांनीच हिशेब मांडला की या झाडाच्या कैऱ्या लोणच्याला एक नंबर आहेत: गर कडक, आंबट, मुरल्यावर मऊ पडत नाही. ठराव बारगळला. आता मे महिन्यात कैऱ्या उतरवतो आणि सगळ्या मिळून गच्चीवर लोणचं घालतो.

यंदा इंदूरला पेटी पाठवताना मी ती आधी स्वयंपाकघराच्या ओट्यावर फोडली. सासूबाईंनी एकेक आंबा नाकाशी नेऊन पाहिला, दोन बाजूला काढले आणि मग पुन्हा भरायला दिली. पेटी थेट रत्नागिरीकडच्या एका बागायतदाराकडून मागवली होती. कोपऱ्यात आमच्या रायवळाच्या लोणच्याची एक लहान बरणीही बसवली.

चौथ्या दिवशी नणंदेचा फोन. आंबे सासरी पसंत पडले. लंगड्याचं नाव कोणी काढलं नाही. तळाचं वर्तमानपत्र या वेळी मराठीच होतं. रत्नागिरीचं, आठवड्याचं शिळं. आंबे बाजूला ठेवून तिनं ते जाहिरातींसकट सगळं वाचून काढलं म्हणाली.